अठरा चुलींची शीव

बाई, नकाशा जरा इकडे धरा. सय्यद सर, तुम्हीही या, दगडावर बसलात तरी चालेल. ही जी रेघ तुमच्या कागदावर दिसते, ती खडकोणे आणि बोरसावे या दोन गावांची शीव. ओढ्यातल्या मोठ्या खडकापासून ती दोरी ताणल्यासारखी सरळ येते. त्या बोरीच्या झाडापाशी वळते आणि पुढे शंभर-सव्वाशे पावले अशी वेडीवाकडी होते, की एका मोजणीदार साहेबांनी मला विचारले होते, "गुरुजी, ही शीव आखणारा प्यायला होता का?" ते हसले, मी हसलो नाही. नंतर ते ओशाळले आणि त्यांनी मला चहा पाजला.

वाकड्या तुकड्यानंतर रेघ पुन्हा सरळ होते आणि या ओसाड माळाच्या मधोमध जाते. माळावर काय आहे ते तुम्ही पाहिलेच. तीन-तीन दगडांच्या अठरा चुली, नऊ खडकोण्याच्या बाजूला, नऊ बोरसाव्याच्या. भिंत नाही, छप्पर नाही, फक्त काळे पडलेले दगड. इथे नांगर घालत नाहीत. गणती आली की दोन्ही गावांची सुरुवात इथून होते. सरकारी घर क्रमांक एक कुठेही असो, आमचा पहिला थांबा हाच.

तुम्ही दोघे मघापासून त्या वीटभट्टीवरच्या मजुरांच्या पालांवरून वाद घालत होता, ते मी ऐकले. खडकोण्याची गणती बाईंकडे, त्या म्हणतात पाले बोरसाव्याच्या गटात; बोरसाव्याची सरांकडे, ते म्हणतात खडकोण्याच्या. भांडणात तुमचा आवाज चांगला लागतो, बाई, वर्गातही असाच लागत असेल. पण या जागेवर तो वाद घालू नये. का, ते सांगतो. मी चाळीस वर्षे मास्तरकी केली, तीन गणत्यांत तुमच्यासारखा दारोदार फिरलो, आणि ही हकिकत प्रत्येक वेळी मीच सांगितली. ती आमच्या घराण्यानेच सांगायची असा दंडक आहे. त्यात मान नाही, ते पुढे कळेल.

फार जुनी गोष्ट आहे, साल कुणालाच सांगता येत नाही. त्या वेळच्या सरकारने म्हणे खानेसुमारी काढली होती. खानेसुमारी म्हणजे घरे आणि माणसे यांची गणती. गडाचा तट ढासळला होता, आणि दर दहा डोक्यांमागे एक माणूस तटाच्या कामाला द्यायचा होता. या भागात एक कारकून आला. त्याने दोन्ही गावच्या पाटलांना ओढ्यातल्या खडकावर बोलावून सांगितले, "माणसे मागाहून मोजू. आधी आपापली शीव दाखवा. एक चूल दोन याद्यांत येता कामा नये, आणि एकही चूल सुटता कामा नये." बाई, तुमच्या प्रशिक्षणात याहून वेगळे काही सांगितले का? दोनशे पाने असतील, पण सार एवढेच.

तेव्हा या माळावर वाडी होती. दुष्काळात कुठून कुठून उठून आलेली अठरा घरे. कुणी धनगर, कुणी वडार, कुणी कुंभार, दोन-तीन महारांची. एक बोळ, बोळाच्या दोन्ही हातांना नऊ-नऊ घरे, माणसे एक्याण्णव. दोन्ही गावांत ती मजुरीला जात, दोन्ही गावांच्या जत्रेत नाचत, आणि वाडी कुणाची हे तोपर्यंत कुणी विचारलेही नव्हते.

आता दोन्ही पाटलांनी एकच हिशेब केला. वाडी आपल्या शिवेत धरली तर नऊ माणसे जास्त द्यावी लागणार. वाडीचे लोक आज आहेत, उद्या बिऱ्हाड उचलून जातील, मग ती नऊ माणसे गावातून काढावी लागणार. खडकोण्याचा पाटील सुभानजी. तो माझा पूर्वज. त्याने ठरवले की वाडी बोरसाव्याच्या गळ्यात घालायची. बोरसाव्याचा पाटील रखमोजी, त्याने ती खडकोण्याच्या गळ्यात घालायची ठरवली. दोघेही स्वतःला फार शहाणे समजत होते.

पण शीव पाटलाने सांगून ठरत नसे. ती गावचा वेसकर चालून दाखवत असे. वेसकर म्हणजे वेशीचा राखणदार. खडकोण्याचा वेसकर येसनाक. त्याचे घर गावकुसाबाहेर, पण वेशीचा अडसर मात्र त्याच्या हाती, असला तो काळ. शीव चालायची ती अनवाणी, डोक्यावर शिवेची माती घेऊन. वाटेत बोलायचे नाही, थांबायचे नाही. तो चालेल ती शीव, आणि दोन्ही गावांनी ती मानायची. खोटा चालला तर ती माती त्याच्या घरातले माणूस नेते, अशी समजूत होती. आणखी एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. दोन गावचे वेसकर एकाच दिवशी चालत नसत. शिवेच्या कामात त्यांनी एकमेकांचे तोंडही पाहायचे नाही, म्हणजे आपसात ठरवून लबाडी करता येणार नाही. रीत चांगल्यासाठीच घातली होती. तिनेच घात केला.

येसनाकाची लेक कोंडाई त्या वाडीत दिली होती. बोळाच्या टोकाचे शेवटचे घर तिचे. सुभानजीने येसनाकाला बोलावून सांगितले, "वाडीच्या अलीकडून चाल. वाडी भाईर ठेव."

येसनाक म्हणाला, "पाटील, शीव वाडीच्या बोळातनं जाती. माझा बा तिथनंच चालला, आजा तिथनंच चालला."

सुभानजीने येसनाकाच्या थोरल्या मुलाला चावडीच्या तुळईला उलटे टांगले आणि खाली मिरच्यांची धुरी केली. मुलगा पंचवीस वर्षांचा, अंगाने पहिलवान. पहिल्यांदा ओरडला, मग खोकला, मग त्याच्या नाकातोंडातून रक्त आले आणि आवाज बंद झाला. तिसऱ्यांदा निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या तेव्हा येसनाक म्हणाला, "सोडा त्येला. चालतो."

दुसऱ्या दिवशी तो डोक्यावर माती घेऊन वाडीच्या अलीकडून चालला. मनाशी म्हणत होता, म्हणे, की आपली बाजू खोटी असली तरी बोरसाव्याचा वेसकर वाडी घेईलच. लेक तिकडे मोजली जाईल, कुठेतरी मोजली जाईल. विचारायची सोय नव्हती, तोंड पाहायची बंदी. आणि बोरसाव्याचा वेसकर धारनाक त्याच्या दुसऱ्या दिवशी वाडीच्या पलीकडून चालला. त्याची पाठ रखमोजीने चाबकाने सोलली होती. तोही मनाशी तेच म्हणत होता.

दोन शिवांच्या मध्ये चारशे पावलांची पट्टी उरली, आणि त्या पट्टीत अठरा चुली. कारकून जायला निघाला तेव्हा त्याला माळावर धूर दिसला. त्याने विचारले, "धूर कुणाचा?" सुभानजी म्हणाला, "त्यांचा." रखमोजी म्हणाला, "त्यांचा." कारकुनाला पुढच्या गावी जेवायला पोचायचे होते. त्याने दोन याद्या गुंडाळल्या आणि घोड्याला टाच मारली. माणूस वाईट नव्हता म्हणतात. अशी माणसे फार नुकसान करतात.

माघ महिन्यात पेंढारी आले.

भरदुपारी डोंगराच्या खिंडीतून धुळीचा लोट उतरताना दिसला आणि दोन्ही गावांनी वेशी लावून घेतल्या. वाडीला कूस नव्हते, वेस नव्हती. निम्मी वाडी बोरसाव्याकडे पळाली, निम्मी खडकोण्याकडे. सुभानजी वेशीवरच्या सज्जात यादीची नक्कल घेऊन उभा राहिला. आत धान्य आणि पाणी यादीतल्या डोक्यांपुरतेच आहे, म्हणाला, आणि अनोळखी माणसांत पेंढाऱ्यांचे हेर असतात. अनोळखी! त्या माणसांनी त्याची विहीर खणली होती.

येसनाक अडसराजवळच होता. दाराच्या फटीतून त्याला कोंडाई दिसली. नवरा मागे पडला होता, तीन महिन्यांची पोर तिच्या पाठीला बांधलेली होती. ती दारावर दोन्ही हात आपटत म्हणाली, "बा, म्या हाय. दार उघड."

येसनाकाने अडसराला हात घातला. वरून सुभानजी ओरडला, "तिचं नाव यादीत न्हाई!" चौघांनी येसनाकाला धरले. तो सुटेना म्हणून एकाने त्याचा उजवा हात उंबऱ्याच्या दगडावर ठेवून पहारीने मोडला. हाड कातडीतून बाहेर आले. तो डाव्या हाताने अडसर ओढू लागला तेव्हा त्याला जमिनीवर पाडून त्याच्या पाठीवर दोघे बसले. त्याचे तोंड दाराखालच्या मोरीजवळ होते. पावसाचे पाणी जायची ती वीतभर मोरी. त्यातून त्याला फक्त लेकीची पावले दिसत होती, आणि पलीकडून येणारे घोड्यांचे खूर.

पुढचे मी लहानपणी ऐकले तेव्हा तीन दिवस मला जेवण गेले नाही. पेंढाऱ्यांनी धावत्या घोड्यांवरून माणसे कापली. वेशीला टेकलेल्या माणसांना भाल्याने दारालाच खिळवले. दाराच्या लाकडातून भाल्याची टोके आत आली, ती आतल्या लोकांनी पाहिली, आणि कुणी हलले नाही. कोंडाई खाली बसली. तिने पाठीवरची झोळी सोडली आणि पोर मोरीत सरकवली, डोके आधी. येसनाकाने दातांनी झोळीचे टोक धरून पोर आत ओढली. पाय आत येतात तोवर मोरीतून रक्त आले. पोर त्या रक्तात भिजून आत आली आणि रडली.

सुभानजी खाली उतरून आला. म्हणाला, "हे कुणाचं?"

येसनाक पडल्या पडल्या म्हणाला, "पाटील, ती तुमच्या वेशीच्या आत हाय. आता मोजा तिला."

बोरसाव्याच्या वेशीवरही तेच झाले. संध्याकाळपर्यंत पेंढारी निघून गेले, गावांना त्यांनी हातही लावला नाही. एक्याण्णवांतली नव्वद माणसे दोन बंद दारांसमोर पडली होती. वाडी जळून खाली बसली होती. उरल्या अठरा चुली, कारण दगड जळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसनाक वेशीबाहेर आला. त्याने दारापुढची माती उचलली. ती माती कोरडी नव्हती. मोडक्या हाताने धरता येईना म्हणून त्याने ती डोक्यावर ठेवून मुंडाशाने घट्ट बांधली. मग वेशीकडे तोंड करून म्हणाला, "आधी खोटा चाललो. आता खरा चालतो. जिथं चालीन ती शीव." आणि ओढ्यातल्या खडकापासून त्याने चालायला सुरुवात केली, सरळ वाडीच्या बोळाच्या रोखाने.

दोन्ही पाटलांना घाम फुटला. शीव बोळातून गेली म्हणजे नऊ घरांचे मुडदे आपल्या पदरात पडले. सरकार विचारणार, तुमच्या शिवेतली माणसे तुमच्या वेशीबाहेर कशी मेली? सुभानजीने माणसे सोडली. आधी त्यांनी गोफणी चालवल्या. एका दगडाने येसनाकाचा डोळा फुटला, दुसऱ्याने दात पडले. तो थांबला नाही, बोलला नाही. बोरीच्या झाडापाशी एकाने मागून कुऱ्हाड घातली आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली तोडला.

तो पडला, पण डोक्यावरची माती पडली नाही. उरलेल्या हाताच्या कोपरावर तो सरपटू लागला. दगड आला की वळसा, बाभळीचे काटे आले की वळसा, दम संपला की थोडा इकडे, थोडा तिकडे. सय्यद सर, तुमच्या नकाशावरचा तो वाकडा तुकडा तोच. शंभर-सव्वाशे पावले. प्यायलेला नव्हता तो.

बोळाच्या तोंडाशी समोर धारनाक उभा होता. शिवेच्या कामात तोंड पाहायची बंदी होती. त्याने पाहिले. येसनाकाच्या एका डोळ्यात त्याला काय दिसले असेल ते मला सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्यावर मी विश्वासही ठेवणार नाही. तो एवढेच म्हणाला, "म्यापन खोटाच चाललो, दादा." त्याने स्वतःचे मुंडासे सोडले, येसनाकाचे डावे मनगट आपल्या उजव्या मनगटाला बांधले, गाठीवर गाठ मारली, आणि त्याला आपल्या खांद्यावर तोलून बोळातून चालू लागला. तिथून शीव पुन्हा सरळ आहे.

दोन्ही गावची माणसे दोन्ही बाजूंनी धावून आली. खडकोण्याच्या लोकांनी धारनाकाला कापले, बोरसाव्याच्या लोकांनी येसनाकाला, कारण स्वतःच्या वेसकराचा जीव घ्यायला दोघांनाही भीती वाटत होती. पाप करतानाही त्यांनी शीव पाळली! वार घेत दोघे चालत राहिले. धारनाकाचा खांदा छातीपर्यंत उतरला होता म्हणतात. नवव्या घराशी, कोंडाईच्या चुलीशी, दोघे कोसळले. मनगटाची गाठ कुणाकडूनच सुटली नाही. कुऱ्हाडीनेही तुटली नाही असे सांगतात. त्यांना तसेच बांधलेले, तिथेच पुरले.

त्या संध्याकाळी दोन्ही गावांत एकही चूल पेटली नाही. चकमक झडली, ठिणगी पडली, पण गोवरी धरेना. आणि माळावरच्या अठरा चुलींतून धूर निघू लागला. लाकूड नाही, निखारा नाही, पण अठरा सरळ धूर. तीन दिवस गावांनी कोरडे पीठ पाण्यात कालवून खाल्ले. चौथ्या दिवशी पेंढाऱ्यांची खबर ऐकून तोच कारकून परत आला. खडकावर उभा राहून त्याने दोन्ही गावांना विचारले, "धूर कुणाचा?"

तेव्हा सुभानजीची बायको चिमाबाई पुढे आली. तिच्या कडेवर येसनाकाची नात होती. त्या चार दिवसांत तिने आपल्या पोराबरोबर तिलाही पाजले होते, घरात शिव्या खाऊन. ती म्हणाली, "धूर आमचा. ही पोर बी आमची. लिवा."

पलीकडून बोरसाव्याच्या बायका म्हणाल्या, "धूर आमचाही." कारकुनाने दोन्ही याद्या उघडल्या, नऊ चुली एका यादीत लिहिल्या, नऊ दुसऱ्या. तो लिहीत असतानाच गावांतून धूर वर आला. कोंडाईच्या चुलीपासून डोंगराच्या खिंडीपर्यंतची शीव चालायची राहिली होती. ती सुभानजी आणि रखमोजी यांना मनगटे बांधून, अनवाणी, डोक्यावर तीच माती देऊन चालवले.

सुभानजीचे पुढे काय झाले? आमच्या घरात सांगतात की त्याने पश्चात्तापाने आपला हात त्या शेवटच्या चुलीत घालून कोपरापर्यंत जाळला. वेसकरांच्या घरात सांगतात की त्याला काहीच झाले नाही, ऐंशी वर्षे जगला आणि दूधभात खाऊन मेला. मला वेसकरांचे खरे वाटते. हाताची गोष्ट आमच्याच कुणीतरी मागाहून जोडली असणार, आरशात बघता यावे म्हणून.

आजही गणतीच्या पहिल्या दिवशी दोन्ही गावांचे गणतीदार इथे येतात. एकाचे डावे मनगट दुसऱ्याच्या उजव्या मनगटाला बांधतात, आणि ते दोघे खडकापासून खिंडीपर्यंत एकाच रेघेवर चालतात. मध्ये बोटभरही जागा राहायला नको. वाकड्या तुकड्यावर सगळे चपला काढतात. दोरी आणते ती विशाखा वेसकर. ती बघा, आलीच. आपल्या उपकेंद्रात नर्स आहे, मोरीतून आलेल्या पोरीच्या वंशातली. त्या पोरीचे नाव वेसू ठेवले होते. यादीत ते चिमाबाईच्या चुलीखाली लिहिलेले होते, म्हणतात.

कोंडाईच्या चुलीशी थांबायचे असते. तिथे कुणी पेन उघडत नाही, तुमचा तो मोबाईलही खिशात ठेवायचा. आमच्या घराण्यातल्या माणसाने एक प्रश्न विचारायचा आणि गणतीदारांनी उत्तर द्यायचे. दर वेळी हे उत्तर सोपे असते, कारण माळ मोकळा असतो. या खेपेला नाही. भट्टीवरची ती चार पाले बरोबर बोळाच्या रोखात पडली आहेत, आणि आता स्वयंपाकाची वेळ आहे. मघाशी तुम्ही दोघांनीही तिकडे बोट करून "त्यांचा" म्हटलेत. तुम्हाला माहीत नव्हते, म्हणून मी रागावलो नाही. खोटे कशाला बोलू, रागावलो होतो.

विशाखा, बांध दोरी. घट्ट बांध. बाई, त्या पालांकडे बघा. सर, तुम्हीही बघा.

धूर कुणाचा?